आहार आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग : पथ्य सांगताना, निदान करताना

सुमारे अठरा वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात एक गृहस्थ आले. वय सेहेचाळीस, एसटीच्या आगारात नोकरी, गळ्यात तुळशीची माळ. मद्य, मांस, तंबाखू यांचा आयुष्यात स्पर्श नाही. तक्रार एकच : शौचाच्या वेळी रक्त पडते. आम्ही प्रश्नपरीक्षा केली, नाडी व जिव्हा पाहिली आणि रक्तार्श असे निदान करून कुटज व नागकेशरयुक्त कल्प, रात्री त्रिफळा, भोजनात ताक आणि सुरण अशी योजना केली. तिखट व तळलेले वर्ज्य सांगितले. पंधरा दिवसांत रक्त थांबले. पुढे ते पुन्हा सुरू झाले. आम्ही कल्प बदलला. पुन्हा थांबले, पुन्हा सुरू झाले. चौथ्या महिन्यात चेहरा पांढुरका दिसू लागला, तेव्हा पांडू समजून मंडूर जोडले. मल काळसर होऊ लागला तो मंडुरामुळे, असे आम्हीच रुग्णास समजावले. वजन घटले ते पथ्यामुळे, असेही समजावले.

पाचव्या महिन्यात त्यांचा भाचा त्यांना जिल्ह्याच्या गावी एका तरुण शल्यचिकित्सकाकडे घेऊन गेला. त्याने हातमोजा चढवून गुदपरीक्षा केली. गाठ मलाशयात, बोटाच्या टप्प्यात होती. पुढील तपासण्यांत यकृतातही प्रसार आढळला. शस्त्रकर्म झाले, औषधे झाली, दोन वर्षांनी ते गृहस्थ गेले. शस्त्रकर्मानंतर भेटीस गेलो असता ते एवढेच म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सांगितलेलं पथ्य मी एकही दिवस मोडलं नाही."

हा प्रसंग आम्ही आजवर लिहिला नव्हता. आहार आणि आतड्याचा कर्करोग या विषयावर लिहिताना तो वगळणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. आहार हे आपले हक्काचे क्षेत्र आहे. या रोगाच्या बाबतीत आहाराचे महत्त्व आता आधुनिक संशोधनानेही भक्कमपणे मांडले आहे. परंतु त्या ज्ञानाचा उपयोग कोठवर आणि त्याची मर्यादा कोठे, हे वैद्याने आणि औषधविक्रेत्याने नीट ओळखले पाहिजे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार करावयाचा आहे.

रोगाचे स्वरूप

मोठे आतडे व मलाशय यांच्या कर्करोगाचे २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. रुग्णसंख्येत त्याचा क्रमांक तिसरा, मृत्यूंत दुसरा. भारतात दर लाख लोकसंख्येमागे त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कित्येक पटींनी कमी आहे, तथापि आपली लोकसंख्या पाहता रुग्णांची प्रत्यक्ष संख्या लहान नाही.

या रोगाची वाटचाल मंद असते. आतड्याच्या अंतस्त्वचेवर प्रथम लहानसा अंकुर, ज्याला पॉलिप म्हणतात तो, उगवतो. अशा अंकुरांपैकी थोड्यांचेच पुढे कर्करोगात रूपांतर होते आणि त्यास बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. या दीर्घ काळात रोज दोन-तीन वेळा जे अन्न त्या अंतस्त्वचेवरून जाते, त्याचा तिच्यावर परिणाम होणे स्वाभाविक आहे. हाच दीर्घ काळ रोग वेळीच पकडण्याची संधीही देतो. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग आतड्यापुरता मर्यादित असताना सापडल्यास पाच वर्षांनंतर सुमारे ९० टक्के रुग्ण हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उतरते.

बर्किट यांचे निरीक्षण आणि त्यानंतरचा वाद

आहाराशी या रोगाचा संबंध जगापुढे ठळकपणे मांडण्याचे श्रेय डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाकडे जाते. युगांडात अनेक वर्षे काम करताना त्यांच्या ध्यानी आले की, इंग्लंडमध्ये नित्य आढळणारे आतड्याचे कित्येक विकार, त्यांत हा कर्करोगही, तेथील ग्रामीण लोकांत क्वचितच दिसतात. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क मलाचे वजन केले आणि अन्न आतड्यातून बाहेर पडण्यास लागणारा काळ मोजला. आफ्रिकी खेडुतांचा मल इंग्रजांच्या मलापेक्षा वजनाने कित्येक पट अधिक भरला आणि तो बाहेर पडण्यास वेळही बराच कमी लागला. १९७१ साली बर्किट यांनी प्रतिपादन केले की, आहारातील चोथा कमी झाल्याने मल अल्प व शुष्क होतो, आतड्यात रेंगाळतो आणि त्यातील घातक द्रव्ये अंतस्त्वचेस दीर्घकाळ चिकटून राहतात. मलपरीक्षेची परंपरा असलेल्या आपल्या शास्त्रास हा विचार परका वाटू नये.

स्थलांतरितांच्या अभ्यासानेही आहाराकडेच बोट दाखविले होते. जपानमधून हवाई बेटांवर स्थायिक झालेल्या कुटुंबांत या रोगाचे प्रमाण एका पिढीतच वाढल्याचे दिसून आले. वंश तोच, ताट मात्र बदललेले.

तथापि हा मार्ग सरळ नव्हता. अमेरिकेतील सुमारे ८८ हजार परिचारिकांच्या सोळा वर्षांच्या अभ्यासात, १९९९ साली, चोथ्याचा कोणताही संरक्षक परिणाम आढळला नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या दोन अमेरिकी चाचण्यांत पॉलिप काढलेल्या व्यक्तींना चोथायुक्त आहार अथवा गव्हाचा कोंडा देऊनही पॉलिप पुन्हा होण्याचे प्रमाण घटले नाही. पुढे २००३ साली युरोपातील दहा देशांतील पाच लाखांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात मात्र चोथा अधिक खाणाऱ्यांत रोग स्पष्टपणे कमी आढळला. २०११ साली अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यानुसार रोजच्या आहारात चोथ्याचे प्रमाण दर १० ग्रॅमने वाढले की धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो, आणि रोज ९० ग्रॅम अखंड धान्याने तो सुमारे १७ टक्क्यांनी घटतो. तीन-चार वर्षांच्या चाचणीत जे दिसत नाही ते दशकांच्या आहारात दिसते, असा या साऱ्याचा एक अर्थ लावला जातो. म्हणूनच आपण चोथ्याची थोरवी सांगताना तो संरक्षक कवच आहे असे म्हणू नये. तो धोका काही अंशी कमी करतो, इतकेच म्हणावे.

चोथा पक्वाशयात काय करतो

लघ्वंत्रात न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचला की तेथील सूक्ष्म जीव त्याचे किण्वन करतात. त्यातून ब्युटिरेट नामक आम्ल निर्माण होते. आतड्याच्या अंतस्त्वचेतील पेशींचे हे प्रमुख पोषण. ते मिळाले तर त्या पेशी सुदृढ राहतात आणि बिघडलेल्या पेशींची वाढ रोखली जाते.

२०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे उल्लेखनीय आहे. पिट्सबर्ग शहरातील आफ्रिकी वंशाच्या वीस अमेरिकन व्यक्ती आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील वीस व्यक्ती यांच्या आहाराची दोन आठवड्यांपुरती अदलाबदल करण्यात आली. अमेरिकनांना अल्प मेद आणि रोज सुमारे ५५ ग्रॅम चोथा, तर आफ्रिकनांना भरपूर मेद, मांस आणि अवघा १२ ग्रॅम चोथा. चौदा दिवसांत अमेरिकनांच्या आतड्यातील ब्युटिरेटची निर्मिती अडीच पट झाली, आफ्रिकनांची निम्म्यावर आली. अंतस्त्वचेचा दाह व पेशींच्या वाढीचा वेग यांतही तसेच उलटसुलट बदल दिसले. दोन आठवड्यांत कर्करोग होत नाही की बरा होत नाही, हे उघड आहे. परंतु आहार पालटताच पक्वाशयाचे अंतरंग किती त्वरेने पालटते, हे यावरून कळते.

मांस, मद्य आणि मेद

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये ८०० हून अधिक अभ्यास तपासून प्रक्रियायुक्त मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. मीठ, धूर वा रसायने यांच्या योगे टिकविलेले मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम, बेकन, त्यात येते. गोव्यातील चोरीस हाही त्याच जातीचा पदार्थ. बकरा, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर यांचे ताजे मांस 'संभाव्य कर्करोगकारक' अशा पुढील गटात आहे. कोंबडी व मासे या वर्गात मोडत नाहीत.

रोज ५० ग्रॅम प्रक्रियायुक्त मांस खाण्याने या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. या आकड्याचा अर्थ रुग्णास नीट सांगावा. ज्या देशात शंभरांतील पाच जणांना आयुष्यात हा रोग होतो, तेथे पाचाचे सुमारे सहा होतात. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का आहे एवढेच. तंबाखूही त्याच गटात आहे, पण म्हणून दोहोंचा घातकपणा सारखा ठरत नाही. ताज्या तांबड्या मांसाबाबत शिजविलेले ३५० ते ५०० ग्रॅम आठवड्यास पुरे, असा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे. रविवारी घरी मटण करणाऱ्या कुटुंबास घाबरविण्याचे कारण नाही. ते रोजचे होत असेल, निखाऱ्यावर करपविलेले असेल आणि त्यासोबत पेला असेल, तर मात्र बोलले पाहिजे.

मद्याविषयी संदिग्धता उरलेली नाही. रोज ३० ग्रॅम अथवा अधिक मद्यार्क, म्हणजे साधारण दोन पेले, घेणाऱ्यांत धोका निश्चितपणे वाढतो. वाढलेला मेद, विशेषतः पोटाचा घेर, हेही सिद्ध कारण आहे आणि शारीरिक श्रम हे सिद्ध संरक्षण. दूध व दुग्धजन्य पदार्थ धोका कमी करतात असा बराच पुरावा आहे. तक्राची थोरवी गाणाऱ्या आपणांस हे वाचून आनंद होईल, पण ताकावर स्वतंत्र चाचणी झाली आहे असे रुग्णास सांगू नये.

आपले ताट

आता आपल्या रुग्णांच्या ताटाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरी व नाचणीत प्रत्येकी सुमारे ११ ग्रॅम आणि गव्हाच्या कणकेतही सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो. सडलेल्या पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तो ३ ग्रॅमही भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे सुचविली आहेत. दोन वेळा भाकरी, वाटीभर उसळ, पालेभाजी, काकडी वा मुळा आणि एखादा पेरू एवढ्यात हे माप सहज पुरे होते. परवापर्यंत शेतकऱ्याच्या घरी हेच ताट होते.

आज तेच कुटुंब सकाळी चहासोबत खारी-टोस्ट, दुपारी डब्यात चाळलेल्या कणकेच्या पोळ्या व बटाट्याची भाजी, सायंकाळी वडापाव आणि रात्री भात-आमटी खाते. मांसाचा कणही नाही, तरी चोथाही नाही. आमच्या त्या माळकरी रुग्णाचे ताट आठवले की ते असेच होते. आगाराच्या उपाहारगृहातील पाव, बिस्कीट, चहा. आम्ही त्यांना शाकाहारी म्हणून नोंदविले आणि पुढे काही विचारले नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, २०१५ साली, शाकाहारी व्यक्तींत हा रोग सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळला. कमी, म्हणजे शून्य नव्हे. आणि 'शाकाहारी' या एका शब्दात राशी, करण, संयोग, काल यांपैकी काहीच कळत नाही. चरकाचार्यांची आहाराची आठ आयतने आपण परीक्षेत लिहितो. तीच रुग्णास प्रश्न विचारताना समोर ठेवली, तर आहाराचा इतिहास आपोआप पुरा होतो.

ईसबगोलाविषयीही एक सूचना. अनेक रुग्ण, आणि क्षमा असावी, अनेक विक्रेतेही, ईसबगोलाच्या भुशीस ताटातील चोथ्याचा पर्याय मानतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत पॉलिप काढलेल्या व्यक्तींना रोज साडेतीन ग्रॅम ईसबगोल तीन वर्षे देण्यात आले. पॉलिप पुन्हा होण्याचे प्रमाण त्या गटात कमी तर झाले नाहीच, उलट काहीसे अधिक आढळले. एका चाचणीवरून ईसबगोल घातक ठरत नाही आणि मलावष्टंभात त्याचा उपयोग आहेच. परंतु कर्करोग टाळण्यासाठी ते विकणे समर्थनीय नाही.

ग्रंथाधार आणि विवेक

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात मांसार्बुदाचे वर्णन करताना ते मांसपरायण व्यक्तीस होते असे म्हटले आहे. २०१५ च्या निष्कर्षाशेजारी हे वचन ठेवून आपले पूर्वज सारे जाणत होते, असे भाषण करण्याचा मोह होतो. आम्हीही एकदा तो केला आहे. वस्तुतः तेथील वर्णन शरीरावर दिसणाऱ्या मांसगत अर्बुदाचे आहे, मोठ्या आतड्याच्या रोगाचे नाही. साम्य विचारप्रवर्तक आहे, पुरावा नाही.

याच सुश्रुतांची दुसरी गोष्ट मात्र आम्ही विसरलो होतो. अर्शाच्या चिकित्सेसाठी त्यांनी अर्शोयंत्र सांगितले, त्याचा आकार व माप दिले. यंत्र कशासाठी? आत पाहण्यासाठी. ज्या शास्त्राने गुदात पाहण्याचे साधन दिले, त्याच शास्त्राचे पदवीधर म्हणवणाऱ्या आम्ही पाच महिने न पाहता अर्शाची औषधे दिली.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय अवघे ४७ होते आणि निम्म्याहून अधिक रुग्णांची तक्रार गुदावाटे रक्तस्राव हीच होती. म्हणजे आमचा रुग्ण अपवाद नव्हता. वय, तक्रार, सारे नमुन्याबरहुकूम होते. अपवाद समजण्याची चूक आमची.

वैद्यबंधू-भगिनींसाठी

१. गुदावाटे रक्त पडणाऱ्या प्रत्येक रुग्णाची गुदपरीक्षा प्रथम भेटीतच करावी. स्वतः करणे शक्य नसेल तर करवून घ्यावी. अर्श दिसले म्हणजे वर दुसरे काही नाही, असे सिद्ध होत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात.

२. मलप्रवृत्तीत काही आठवडे टिकलेला बदल, मलात मिसळलेले रक्त, शौचानंतरही शिल्लक राहिल्याची भावना, अकारण वजन घटणे, पोटात गाठ, यांपैकी काहीही असल्यास दूरबिणीने आतड्याची तपासणी सुचवावी. वय कमी आहे म्हणून थांबू नये.

३. पुरुषांतील आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांतील पांडुत्वाचे कारण शोधल्याविना लोहकल्प सुरू करू नयेत. लोहाने मल काळा होतो आणि आतील रक्तस्रावाची खूण झाकली जाते. आमच्या हातून नेमके हेच घडले.

४. आईवडील वा भावंडांपैकी कोणास हा रोग झाला असल्यास रुग्णास चाळिसाव्या वर्षी, अथवा नातलगास ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा, तपासणीसाठी धाडावे. अमेरिकेत सर्वसाधारण व्यक्तींसाठीही तपासणीचे वय २०२१ साली ५० वरून ४५ वर आणले आहे. आपल्याकडे मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी सरकारी तपासणी आहे, आतड्यासाठी तशी योजना नाही. ती जबाबदारी पहिल्या भेटीच्या वैद्यावर येते.

५. आहार सांगताना माप सांगावे. 'पथ्याने राहा' याऐवजी दिवसातून एक वेळ भाकरी, रोज एक वाटी उसळ, कणीक न चाळता, बेकरीचे पदार्थ आठवड्यातून एकदा, असे लिहून द्यावे.

औषधविक्रेते व निर्मात्यांसाठी

आपल्या दुकानात 'मूळव्याधीची गोळी द्या' असे म्हणत येणारा मनुष्य बहुधा कोणत्याही वैद्यास भेटलेला नसतो. त्याला तीनच प्रश्न विचारावेत : रक्त किती दिवसांपासून पडते, कोणी तपासले आहे काय, वजन घटले आहे काय. दोन आठवड्यांहून अधिक काळ रक्त पडत असेल अथवा तोच मनुष्य तिसऱ्यांदा तेच औषध मागत असेल, तर औषधासोबत वैद्याकडे जाण्याचा स्पष्ट सल्ला द्यावा. वर्षानुवर्षे सोनामुखीयुक्त चूर्ण नेणाऱ्या ग्राहकासही हाच नियम. आणि कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्यान्वये निषिद्ध आहे, हे पत्रके छापताना ध्यानी असावे.

असो. आहाराने रोगाची शक्यता बदलते, समोर बसलेल्या माणसाचे निदान होत नाही. समाजास भाकरी, उसळ, ताक आणि श्रम यांकडे परत वळविण्याचे काम आपल्याइतके अन्य कोणास साधणार नाही, आणि ते आपण अभिमानाने करावे. परंतु जो आधीच पथ्याने राहतो, त्याच्या पथ्यावर विसंबून तपासणी टाळू नये. आमच्या चिकित्सालयात आता टेबलाच्या खणात हातमोज्यांची पेटी कायम असते. रक्ताची तक्रार ऐकली की नाडीवर हात ठेवण्यापूर्वी आमचा हात त्या खणाकडे जातो. आपल्याही खणात ती असावी, इतकीच विनंती.